सेवापुस्तकातलं प्रेमाचं लग्न

बाटल्या धुण्याचं मशीन दुपारी दीडच्या आधी बंद होत नसे. त्या दिवशी ते सव्वाअकराला बंद झालं.

मी आरे कॉलनीतल्या दुग्धशाळेत बाटल्या तपासतो. धुतलेली बाटली पांढऱ्या दिव्यासमोरून जाते. आत माती दिसली, कडेला टवका दिसला, तर उचलून बाजूला ठेवायची. एकोणतीस वर्षं हेच करतोय. मशीनचा आवाज एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. चहा आला, साहेब आला, बाटली फुटली, सगळ्याला खुणा आहेत. त्या दिवशी सहदेव दारात आला. तो माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला, क्रेटवर काम करतो. त्याने खूण करायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले. मग बटणाकडे गेला आणि मशीनच बंद केलं. मला वाटलं, कुणाचा तरी हात अडकला.

"दशरथ," तो म्हणाला, "घराकडून माणूस आलाय. चप्पल घाल."

"प्रेमाला काय झालं?"

"प्रेमा बरी आहे."

घरात आम्ही तिघं. मी इथे उभा, प्रेमा बरी. राहिलं कोण ते मला कळलं.

फेब्रुवारी १९८६. माझी बायको रुक्मिणी सकाळी तांदूळ निवडता निवडता गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारच्या विमलावहिनींना कळलं ते प्रेमामुळे. प्रेमा आमची थोरली मुलगी. तेव्हा एकतीस वर्षांची होती, पण अक्कल चार-पाच वर्षांच्या पोराची. ती तेलाची बाटली आणि फणी घेऊन वहिनींच्या दारात येऊन उभी राहिली. केस मोकळे. "वेणी घाल," म्हणाली. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भावोजी, प्रेमाला मोकळ्या केसांनी दाराबाहेर मी कधी बघितली नव्हती. रुक्मिणी सोडायचीच नाही. मी फणी बघितली आणि धावले."

आमचं नवराबायकोचं एक ठरलेलं होतं. मी रुक्मिणीपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. आधी मी जाणार, मग माझं निम्मंशिम्मं पेन्शन रुक्मिणीला मिळणार, त्यावर ती प्रेमाला सांभाळणार. रुक्मिणीच्या मागे प्रेमाचं काय, हा विषय निघाला की ती म्हणायची, "मी नाय मरणंय." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की मी ते धरूनच चाललो होतो.

तेराव्यानंतर कामावर गेलो. चौथ्या-पाचव्या दिवशी आस्थापनेतून निरोप आला, नॅन्सीबाईंनी बोलावलंय. नॅन्सीबाई आमच्या ऑफिसात कारकून. मरोळच्या गावठाणातल्या, मराठी आपल्यासारखंच बोलतात, आणि तोंडाने तिखट.

"बसा चिंदरकर," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. आता मी कामाचं बोलते, रागावू नका. तुमच्या फॉर्मवर वारस म्हणून बायकोचं नाव आहे. ते बदलायला लागेल. तुम्हाला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. मग कोण?"

मी म्हटलं, "माझी थोरली मुलगी आहे. तिला समज नाही."

"म्हणजे मतिमंद?"

"हो."

"मग सोपं आहे," त्या म्हणाल्या, आणि मला नियम समजावून सांगितला. एरवी मुलीला कुटुंब पेन्शन ठरावीक वयापर्यंत, नाहीतर लग्न होईपर्यंत. पण जी स्वतः कमावू शकत नाही, जिला समज नाही, तिला आयुष्यभर. मोठ्या सरकारी डॉक्टरचा दाखला हवा आणि पैसे उचलायला एक पालक हवा. मी एकोणतीस वर्षं तिथे काम केलं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. छाती हलकी झाली. रुक्मिणी गेल्यापासून पहिल्यांदा.

नॅन्सीबाईंनी माझं सेवापुस्तक काढलं. कुटुंबाचं पान उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

"चिंदरकर, ही तीच मुलगी का? प्रेमा दशरथ?"

"तीच."

"इथे विवाहित लिहिलंय."

मी पान बघितलं. अक्षर माझंच. रुक्मिणी, पत्नी. प्रेमा, मुलगी, विवाहित. जयंती, मुलगी, अविवाहित. खाली माझी सही आणि १९८१ची तारीख.

"विवाहित असेल तर विषय संपला," नॅन्सीबाई म्हणाल्या. "नवरा कुठे असतो?"

मी म्हटलं, "बाई, तो पिंपळ आहे."

"आडनाव पिंपळे?"

"नाही बाई. झाड."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

१९८१ साली जयंतीला, आमच्या धाकटीला, मुलुंडचं स्थळ आलं. जयवंत, एका कंपनीत फिटर, चांगला मुलगा. पण थोरली घरात असताना धाकटीला उजवायची कशी? लोक विचारणार, थोरलीचं काय? रुक्मिणीला दुसरी एक भीती होती. आमच्याकडे म्हणतात, बाई बिनलग्नाची गेली तर तिला गती नाही. त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो, कणकवलीच्या पुढे. देवळासमोर पार आहे, त्यावर पिंपळ. गुरवाने त्या पिंपळाशी प्रेमाचं लग्न लावलं. अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या. अशी लग्नं लावतात, पण पत्रिकेतला दोष काढायला, आणि पुढे माणसाशी खरं लग्न व्हायचं असतं. आमच्या प्रेमाचं तेच खरं. रुक्मिणीने तिच्या गळ्यात काळी पोत घातली. प्रेमा इतकी खूश झाली की जेवताना एक हात पोतीवरच. तेव्हापासून कुणी नवऱ्याचं विचारलं की सांगायची, "माझो घोव गावाक आसा." दरवर्षी मे महिन्यात गेलो की तांब्याभर पाणी घेऊन पहिली पाराकडे पळायची.

मुलुंडकरांना आम्ही सांगितलं, थोरलीचं गावी झालंय, पण ती नांदत नाही. पाहिलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने समजून घेतलं की नवऱ्याने टाकली. आम्ही समजू दिलं.

त्याच महिन्यात ऑफिसात कुटुंबाची माहिती भरायची होती. कागद मी घरी नेला. प्रेमाच्या नावापुढे पेन थांबलं. रुक्मिणी भाकऱ्या थापत होती.

"लिवा विवाहित," ती म्हणाली.

"अगो, हा सरकारी कागद आहे."

"देवाच्या दारात लागलला लगीन खोटा कसा? घराक येक आणि हापिसात येक, असा करू नकात. माझ्या चेडवाक कागदावर तरी नवरो असो दे."

मी लिहिलं. मला काय माहीत, त्या एका शब्दावर प्रेमाचं जेवण अडकणार आहे.

नॅन्सीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बायको सांगते म्हणून लिहिलंत. आमच्या घरात माझं कोण ऐकत नाही, आणि तुम्ही नको तिथे ऐकलंत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्याच हातचं आहे. तुमच्या एकट्याच्या शब्दावर साहेब खोडणार नाहीत. प्रतिज्ञापत्र करा, मुलीचं लग्न कधी झालेलं नाही म्हणून. आणि जवळच्या दोन नातेवाइकांच्या सह्या आणा. शेजारीपाजारी, मित्र चालणार नाहीत."

माझा भाऊ वारला. गुरव वारला. गावाकडे चुलत घरं आहेत, त्यांच्याशी जमिनीवरून बोलणं नाही. जवळची दोन माणसं म्हणजे जयंती आणि जावई.

रविवारी प्रेमाला वहिनींकडे ठेवून मी पवईवरून जाणाऱ्या बसने मुलुंडला गेलो. वाटेत दोनदा मनात आलं की उतरावं. जयंतीने चहा केला. जयवंतराव, त्यांची आई आणि मी बाहेरच्या खोलीत. जयंती दारात उभी. पिंपळाच्या लग्नाच्या वेळी ती वीस वर्षांची होती, अक्षता तिनेही टाकल्या होत्या. पाच वर्षं तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आम्हीच तशी ताकीद दिली होती.

मी सुरुवात केली तशी तिला कळलं. ती नुसती मान हलवून नाही नाही करत होती. मी सांगून टाकलं.

जयवंतरावांनी कप खाली ठेवला. "मामा, म्हणजे माझा साडू झाड आहे?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मी पाच वर्षं त्याला शिव्या देतोय? असली बायको टाकून गेला म्हणून?" ते हसले. हसता हसता त्यांनी जयंतीकडे बघितलं आणि हसणं थांबलं. "तुला माहीत होतं?"

जयंती माझा रिकामा कप उचलायला वाकली.

विहीणबाई बोलल्या. "सरळ सांगितलं असतं, मुलगी अशी आहे, तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?"

मी म्हटलं, "विहीणबाई, आधीच्या दोन स्थळांनी नाहीच म्हटलं होतं."

त्या उठून आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

जयंती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. खालच्या आवाजात बोलत होती, पण प्रत्येक शब्द फेकून मारल्यासारखा. "बाबा, आई जाऊन महिना नाही झाला. तिने आयुष्यात एक काम मनासारखं केलं होतं. ते तुम्ही स्टॅम्पपेपरवर खोटं पाडणार. आणि त्याच्यावर सही माझी पाहिजे."

"मी गेल्यावर प्रेमा खाईल काय, गो?"

"मी आहे ना!"

"तू आहेस. पण घर त्यांचं आहे."

ती रडायला लागली. मला जवळ घेता आलं नाही. वरून जयवंतरावांनी हाक मारली, "जयंती, त्यांना म्हणावं कागद आणा. सही करतो." मग जिन्यात येऊन मला म्हणाले, "मामा, लग्न झालं नाही, ते खरंच आहे. खऱ्यावर सही करायला माझं काय जातंय? पण पालक म्हणून माझं किंवा जयंतीचं नाव आताच घालू नका. आई ऐकायची नाही. मला वेळ द्या."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मग डॉक्टर. सरकारी इस्पितळात तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी बाकावर दीड तास बसून नंबर लागला. प्रेमाची वेणी मी घातली होती, मला ती सरळ जमत नव्हती, एक बाजू वर आणि एक खाली. प्रेमा वर गेलेली बाजू सारखी ओढत होती.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिला बोटं मोजायला सांगितली, वार विचारला, पंतप्रधान कोण विचारलं. तिने बोटं सातापर्यंत मोजली. मग त्यांचं लक्ष पोतीवर गेलं.

"लग्न झालंय का तुझं?"

"झाला," प्रेमा म्हणाली.

"अरे वा. नवरा काय करतो?"

"उभो आसता."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघून विचारलं, "दिवसभर उभा असतो?"

"पावसात पण," प्रेमा म्हणाली.

त्यांनी दाखला लिहिला. आयुष्यभर कमावू शकणार नाही, असं इंग्रजीत लिहिलंय, ते नॅन्सीबाईंनी मला वाचून दाखवलं. मला तो कागद मिळाल्याचा आनंद झाला. मग बसमध्ये बसल्यावर वाटलं, बाप म्हणून कसल्या कागदाचा आनंद होतोय मला.

प्रतिज्ञापत्राला प्रेमाला न्यायची गरज नव्हती, पण त्या दिवशी वहिनींकडे पाहुणे होते म्हणून नेली. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसतात, त्यातल्या एकाने कागद मराठीत टाइप केला आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचला. "माझी मुलगी कुमारी प्रेमा हिचे लग्न आजतागायत कधीही झालेले नाही."

प्रेमा माझी बाही धरून होती. "बाबा, झालेला ना?"

"झालेला."

"मग ह्यो नाय म्हणता."

"कागदावर नाय झाला, बाय. कागद वेगळो."

तिने माझी बाही ओढली. मग म्हणाली, "मग कागदाक सांग."

टायपिंगवाला माझ्याकडे बघत होता. मी सही केली. सही करताना रुक्मिणीचा पीठ लागलेला हात डोळ्यांपुढे आला. मी मनात तिला म्हटलं, तू सांगितलंस म्हणून लिहिलं, आता तू नाहीस म्हणून खोडतोय. यापेक्षा जास्त मला सुचलं नाही.

जयंती आणि जयवंतरावांनी सह्या दिल्या. साहेबांनी सांगितलं, मुलीला समोर आणा. नॅन्सीबाईंनी मला आदल्या दिवशी बजावलं, "ती पोत काढून आणा हो. कागदावर अविवाहित आणि गळ्यात काळे मणी, साहेब काय म्हणतील?"

मी सकाळी वेणी घालताना पोतीला हात लावला. प्रेमा ओरडली नाही. तिने दोन्ही मुठींनी पोत धरली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. "आये म्हणाली काढू नको," एवढंच म्हणत राहिली. आई गेल्यापासून ती आईबद्दल पहिल्यांदा बोलली. मी फणी ठेवून दिली. पोतीसकट तिला तशीच घेऊन गेलो.

साहेबांच्या टेबलासमोर आम्ही उभे राहिलो. साहेबांनी कागद बघितले, प्रेमाचा गळा बघितला. "मिस्टर चिंदरकर, हे काय आहे?"

मी हात वर केला, मशीनवर करतो तसा, आणि कसली खूण करायची ते न कळून खाली घेतला. नॅन्सीबाई बाजूला फाइल घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, माझ्या गळ्यात क्रूस आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी नन झाले का? मला चार पोरं आहेत."

साहेब हसले नाहीत, पण ओठ दाबले. प्रेमाला विचारलं, "तुझं नाव काय?"

"प्रेमा पिंपळ."

साहेबांनी दाखला पुन्हा वाचला. प्रतिज्ञापत्र वाचलं. मग सेवापुस्तक पुढे ओढलं, विवाहित शब्दावर लाल शाईने आडवी रेघ मारली, वर अविवाहित लिहिलं आणि बाजूला सही केली. जेमतेम अर्धं मिनिट लागलं. शब्द खाली दिसतोच आहे, रेघेतून वाचता येतो. नॅन्सीबाई म्हणाल्या, नियमच तसा आहे, खोडलेलं वाचता आलं पाहिजे. मला ते बरं वाटलं.

जयंती आता महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. प्रेमाचे केस धुते, वेणी घालते, माझ्याशी कामापुरतं बोलते. जयवंतराव एकदा बरोबर आले होते. प्रेमासाठी केळी आणली होती. तिला म्हणाले, "काय प्रेमाताई, आमचे साडू कसे आहेत?" प्रेमा म्हणाली, "बरे आसत." जयंती आत होती, तिला हसू आलेलं मी ऐकलं. पालकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. विहीणबाईंची तब्येत बरी नसते असं म्हणाले.

सहदेव म्हणाला, माझं नाव टाक. पण तो माझ्याच वयाचा आहे. विमलावहिनी म्हणाल्या, मी जेवायला घालीन, सह्याबिह्या मला सांगू नका. गावचा चुलतभाऊ आहे, पण त्याला प्रेमा नको, घराचा हिस्सा हवाय. कोण कुठल्या कामाचं ते बघत मी बसतो, बाटल्या बघतो तसा, आणि एकेक बाजूला ठेवतो.

गेल्या आठवड्यात नॅन्सीबाईंनी पुन्हा बोलावलं. फाइल पूर्ण करून वर पाठवायची आहे.

"चिंदरकर, किती दिवस?"

"बघतो बाई."

"बघता बघता रिटायर व्हाल."

"आणखी महिनाभर ठेवा."

त्यांनी फाइल बांधली आणि खणात ठेवली. माझ्या निवृत्तीला एक वर्ष चार महिने आहेत. दाखला आहे, प्रतिज्ञापत्र आहे, सेवापुस्तकात दुरुस्ती झाली आहे, प्रेमाचे तीन फोटो लावले आहेत. पालकाच्या रकान्यात अजून कुणाचं नाव नाही.